कळवले

“जरा मोठ्याने बोला हो, काका,” ती म्हणाली, मान वर न करता.

समोरच्याने पुन्हा काहीतरी सांगितलं. घशातून हवा यावी आणि शब्द मागेच राहावेत, तसं. तिचा हात रजिस्टरवर, कान फोनकडे, आणि लक्ष सकाळपासून जे उडालं होतं ते उडालेलंच. “ऐकू येत नाही, काका. नाव सांगा, किंवा जुना नंबर सांगा.” तेव्हा त्यांच्या शेजारच्या बाईने पुढे होऊन नंबर सांगितला आणि वर म्हणाली, “त्यांना मोठ्याने नाही बोलता येत. म्हणूनच आलोय.” आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि थकवा या काउंटरवर कोणाला नवीन नाही. “असू दे, असू दे,” असं काहीतरी पुटपुटत ती उठली, मागच्या कपाटातून फाइल ओढली, वरची धूळ पदराने पुसली, आणि बोटांना क्लिप लागली. आडवी. ती कपाटाकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

या दवाखान्यात क्लिप दोन तऱ्हांनी लागते. उभी असली तर रिपोर्ट साधा. पेशंट येईल तेव्हा द्यायचा. आडवी असली तर रिपोर्ट वाईट. मग त्याच दिवशी फोन करायचा, दोन दिवसांत या म्हणायचं, घरचं कोणीतरी सोबत आणा म्हणायचं, आणि त्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. काय झालंय ते डॉक्टर सांगतील, ते आपलं काम नव्हे. फोन झाला की रजिस्टरात नावापुढे तारीख, वेळ आणि एक शब्द लिहायचा, ‘कळवले’. हे नियम कुठल्या भिंतीवर लावलेले नाहीत. डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वी कधीतरी सुरू केले, काउंटरवरच्या मुली आल्या, लग्न करून गेल्या, ही तेवढी राहिली, आणि क्लिप राहिली. पेशंट येऊन गेला की डॉक्टर स्वतःच्या हाताने आडवी क्लिप काढून उभी लावतात. म्हणजे कपाटात आडव्या क्लिपची फाइल सापडली याचा अर्थ एकच. फोन गेला, माणूस आला नाही, महिन्याभराने कोणीतरी काउंटरचा कप्पा आवरताना ती इतर फाइलींबरोबर कपाटात सारली. कागदावर क्लिपचा तांबूस डाग उमटला होता. रिपोर्टवरची तारीख चार महिन्यांपूर्वीची. घशातला तुकडा काढून तपासलेला. तिने रिपोर्ट वाचला नाही. तेवीस वर्षांत तिला रिपोर्ट वाचता यायला लागले होते, म्हणूनच वाचला नाही.

“बसा,” ती म्हणाली. “बोलावते.”

ते दोघं, बाप आणि लेक, खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसले. म्हातारा उंच, खांदा एका बाजूला झुकलेला, जन्मभर एकाच खांद्यावर पट्टा अडकवून फिरल्यासारखा. आणि त्या खांद्याने तिला सगळं आठवलं. फोनवर तिने तो खांदा पाहिला नव्हता, पण ते म्हणाले होते ना, छत्तीस वर्षं कंडक्टर होतो म्हणून. कंडक्टरकाका. अग आई ग. तिने रजिस्टर मागे उलटायला सुरुवात केली, खरं तर गरज नव्हती. पान सापडलं. गुरुवार, दुपारी एक पन्नास, तिचंच वळणदार अक्षर. कळवले.

आता त्या गुरुवारचं सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर आरशाचं सांगायला हवं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी स्टाफसाठी एक वर्ग ठेवला होता. पेशंटशी कसं बोलावं याचा. शिकवायला आलेली मुलगी असेल सव्वीस-सत्तावीसची, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात रिमोट, आणि पडद्यावर एकामागून एक चित्रं. माणूस आधी आवाज ऐकतो, मग शब्द. उत्तर माहीत नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हणा. घाईत असाल तरी घाई ऐकू जाता कामा नये. आणि शेवटी तिने पिशवीतून तळहाताएवढे आरसे काढले आणि प्रत्येक फोनच्या शेजारी एकेक चिकटवला. फोन उचलताना आरशात बघून हसायचं म्हणे. हसू आवाजात उतरतं. ही मागच्या खुर्चीवर बसून पायाला आलेली कळ चोळत होती. तेवीस वर्षं या खुर्चीत बसून मी काय भजी तळतेय का, असं तिला विचारायचं होतं, विचारलं नाही. उलट वर्ग संपल्यावर डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, “आमच्या ताईंना शिकवायची गरज नाही. त्यांचा आवाज ऐकूनच निम्मा आजार पळतो,” तेव्हा तिला बरं वाटलं होतं. वाटणारच. घरी कोणी असं म्हणत नाही.

गुरुवारी तिने त्या आरशाचा उपयोग दातात काही अडकलंय का बघायला केला होता. डबा उघडायचा राहिला होता, सकाळी मोठ्या जावेशी नळावरून वाजलं होतं, आणि समोर तेरा फोन करायचे होते. तेरावा यांचा. पलीकडे फोन उचलला गेला आणि एक घोगरा, मिश्कील आवाज म्हणाला, “हां, बोला, कुठे उतरायचंय?” ती हसली. खरंच हसली, आरशातल्या बाईलाही हसताना पाहिलं, आणि ही कोण बाई बरी दिसतेय, असं तिला क्षणभर वाटून गेलं. दवाखान्यातून बोलतेय म्हटल्यावर ते म्हणाले, “माफ करा हं, छत्तीस वर्षांची सवय. घंटी वाजली की तोंडातून तेच येतं.” मग थोडं बोलणं झालं. घसा बसलाय तो ओरडून ओरडूनच, असं त्यांचं मत. आणि मग, तितक्याच सहज, “गंभीर काही नाही ना?”

समोर फाइल होती. क्लिप आडवी होती. ‘विचारून सांगते’ हे शब्द कालच शिकवले होते, आणि न शिकवताही तिला तेवीस वर्षं येत होते. पण आरशातली बाई अजून हसत होती. ते हसू पुसून टाकायचं, आवाज उतरवायचा, ‘सोबत कोणाला तरी आणा’ म्हणायचं, पलीकडची ती शांतता ऐकायची, आज तेराव्यांदा. हे तिच्याच्याने होईना. “छे हो,” ती म्हणाली, “तसं काही नाही. या सवडीने.” पलीकडून केवढा मोठा श्वास सुटला. “बरं झालं बाई, तुम्ही सांगितलंत.” तिने फोन ठेवला, रजिस्टरात शब्द लिहिला, आणि डबा उघडला. येतीलच दोन-चार दिवसांत, तिने स्वतःला सांगितलं. सगळेच येतात. रिपोर्ट कोणी टाकून देतं का? आणि मग दुसऱ्या दिवशी दुसरे फोन होते.

बाकावर मुलगी बापाला काहीतरी विचारत होती आणि बाप मान हलवत होता. काउंटरवरून तिचं त्यांच्याकडे बघण्याचं धाडस होईना. समोरच्याला बरं वाटेल तेच सांगायची ही वाईट खोड तिला आजची नव्हती. ती दहा वर्षांची होती, धाकटा भाऊ सहाचा, आणि आईला एका सकाळी दवाखान्यात नेलं. मावशी येऊन राहिली. मावशीने हिला एकटीला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली होती, त्याला एवढ्यात काही बोलू नकोस, तू मोठी आहेस ना. त्याच दिवशी भावाचा पुढचा दात पडला. त्याने तो काड्यापेटीत ठेवला, आईला दाखवायला. रोज सकाळी विचारायचा, आज येईल? आणि ही म्हणायची, येईल रे, उद्या नाहीतर परवा. दुसरं काय म्हणणार होती? त्याचा चेहरा खुलायचा, आणि तो खुललेला पाहून हिलाही घटकाभर खरं वाटायचं की आई येणार. खोटं त्याच्यासाठी होतं की स्वतःसाठी, हे तिला तेव्हाही कळलं नाही. अकरा दिवस. बाराव्या दिवशी शेजारच्या कोणीतरी त्याला जवळ घेऊन सांगून टाकलं. तो रडला नाही. घरात आला आणि ती काड्यापेटी त्याने हिच्या अंगावर फेकली. दात कुठेतरी कपाटाखाली गेला, कोणी शोधला नाही. आता तो दूर असतो, दोन मुलांचा बाप आहे, महिन्यातून एकदा फोन करतो. पण हिने काही सांगितलं की आधी विचारतो, “खरं सांगतेस ना?” पाऊस पडतोय म्हटलं तरी विचारतो. चेष्टेत विचारतो. ती चेष्टा आहे असं दोघांनीही ठरवून टाकलेलं आहे.

आतली बेल वाजली. “कंडक्टरकाका,” तिने हाक मारली, आणि मग सावरून त्यांचं पूर्ण नाव घेतलं. काका उठले, तिच्याकडे पाहून किंचित थबकले, आणि मुलीच्या मागून आत गेले.

डॉक्टरांच्या खोलीची भिंत लाकडी, छतापर्यंत न पोचणारी. काउंटरवर बसणाऱ्याला आतलं सगळं ऐकू येतं आणि ऐकू येत नाही असं दाखवायची सवय असते. आत कागद उलटल्याचा आवाज. मग डॉक्टर, अगदी हळू, म्हणजे ते चिडलेत. “काका, हा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा आहे. तुम्हाला फोन गेला होता. आला का नाहीत?”

तिने टेबलाची कड धरली. आता येणार. तुमच्या बाईच म्हणाल्या, सवडीने या. ती वाट बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की ती ते यावं म्हणून वाट बघतेय. एकदाचं यावं. आतून हवेसारखा आवाज आला, “राहून गेलं.”

“राहून गेलं?” ही मुलगी. “बाबा, फोन आला होता? तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाहीत?”

“विसरलो ग.”

“विसरलात. घशातला तुकडा काढून नेला, आणि विसरलात. भाचीच्या लग्नाची तारीख नाही विसरलात. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला नाही विसरलात. मी रोज विचारायचे, घसा कसा आहे, तर म्हणायचे गोळी लागू पडतेय. काय म्हणू मी तुम्हाला आता?” डॉक्टरांनी मध्ये पडून समजुतीचं काहीतरी सांगितलं, पण त्यातही त्यांनी ते वाक्य टाळलं नाही, टाळता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा आला असतात तर नुसत्या किरणांवर भागलं असतं कदाचित. आता मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल, बहुतेक ऑपरेशन, आणि आवाज, काका, आवाज राहील असं मी सांगू शकत नाही. जीव वाचवायचा बघू आधी. मग खुर्ची सरकली, आणि दाराच्या फटीतून डॉक्टरांचा हात बाहेर आला. “ताई, कॉल रजिस्टर द्या जरा.”

तिने दिलं. उघडूनच दिलं, त्याच पानावर. डॉक्टरांनी पाहिलं, आत जाऊन म्हणाले, “बघा, इथे नोंद आहे. कळवले.” आणि मुलगी म्हणाली, “नाही हो डॉक्टर, तुमची काही चूक नाही. आमचंच माणूस असं.”

त्यानंतरची दहा मिनिटं तिने चार पेशंटना नंबर दिले, दोघांना तारखा दिल्या, एकाला पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगितलं. आवाज नेहमीसारखा. आपला आवाज आपल्याशिवायही चालतो हे तिला आधीपासून माहीत होतं, पण आज तिला त्याची किळस आली. गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. शब्द लिहिलेला होता, म्हाताऱ्याने स्वतः कबूल केलं होतं, आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. बोललं तर आवाज थोडाच परत येणार होता? हाही विचार तिने केला. केला नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. पण घरी गेल्यावर ती मुलगी बापाला काय काय बोलेल, आणि तो ऐकून घेईल, आणि पुढे आवाज गेल्यावर त्याला उत्तर द्यायचीही सोय राहणार नाही, हे तिच्या डोळ्यांपुढून जाईना. छत्तीस वर्षं हजारो माणसांना नीट स्टॉपवर उतरवणारा माणूस जन्मभरासाठी विसराळू ठरणार होता.

ते दोघं बाहेर आले. मुलीच्या हातात चिठ्ठी, ओठ घट्ट मिटलेले. ती बापाकडे न बघता तरातरा दाराबाहेर गेली. काका काउंटरपाशी थांबले. जवळ आले, आणि तिला ऐकू जावं म्हणून वाकले. “आवाज ओळखला मी तुमचा,” ते कुजबुजले. “मघाशी हाक मारलीत तेव्हा.”

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. “काका, मी…”

“चार महिने छान झोपलो हो.” हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर तिने सोसलं असतं. पण ते अगदी सरळ सांगत होते, हिशेब नको म्हणून सुटे परत करावेत तसं. “त्याआधी महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. मनात आलं होतं माझ्या, नाही असं नाही. दोन महिन्यांपूर्वी घास अडकायला लागला तेव्हाच यायला हवं होतं. म्हटलं, बाईंनी सांगितलंय ना. तुमच्या शब्दावर बसून राहिलो. सोयीचं होतं.” आणि काउंटरवर दोन बोटं वाजवून, पुढे चला म्हणावं तसं, ते बाहेर गेले.

ती उठली. फोन वाजत होता, रांगेतला एक गृहस्थ “अहो बाई” म्हणाला, ती गेली. मुलगी बाहेरच्या पायऱ्यांवर उभी होती, रिक्षा शोधत. काका दोन पायऱ्या वर, कठड्याला धरून. “ताई,” ती त्या मुलीला म्हणाली, वयाने तिच्या लेकीएवढ्या मुलीला. “तुमचे बाबा विसरले नव्हते. फोन मी केला होता. त्यांनी विचारलं, गंभीर आहे का. मी नाही म्हणाले. सवडीने या म्हणाले. मला माहीत होतं तरी म्हणाले. चूक माझी आहे, त्यांची नाही.”

बोलून झालं आणि तिला हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं. आता ही मुलगी ओरडेल, हात उगारेल, तक्रार लिहून देईल, द्यावी. मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे. घट्ट धरलेलं काहीतरी चेहऱ्यावरून सुटत गेलं, आणि ती तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, पायरीवर बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी, चिठ्ठी मुठीत चुरगाळून. “बाबा,” एवढंच म्हणत होती. “बाबा, बाबा.”

काका खाली उतरले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वळून काउंटरवरच्या बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत आता पहिल्यांदा राग होता.

“कशाला सांगितलंत?” ते कुजबुजले. “माझ्यावर चिडली होती, तोवर बरी होती. चिडलेलं माणूस रडत नाही. निदान आजचा दिवस तरी निघाला असता.”

तेवीस वर्षं लोकांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं याचीच भाकरी खाल्ली, आणि खोटं बोलले तेही माझ्या सोयीने, खरं बोलले तेही माझ्याच. हे तिला पायरीवर उभं असताना स्वच्छ दिसलं. रिक्षा आली. काकांनी मुलीला उठवलं, आत बसवलं, स्वतः बसले, आणि सवयीने एकदा मागे वळून कोणी चढायचं राहिलंय का ते पाहिलं.

ती आत आली. रांग वाढली होती. ती थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली, रजिस्टर त्यांच्या टेबलावरच होतं, तिने पेन घेतलं, ‘कळवले’वर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘गंभीर नाही, सवडीने या, असे खोटे सांगितले,’ आणि सही केली. डॉक्टरांनी वाचलं. चष्मा काढला. ते तिच्यापेक्षा दोन वर्षांनीच मोठे होते, आज दहा वर्षांनी दिसले. कितीतरी वेळ ते डोळे चोळत राहिले.

“संध्याकाळी बोलू,” ते शेवटी म्हणाले. “बाहेर किती आहेत अजून?”

“अठरा.”

“हं.” त्यांनी ट्रेमधली वरची फाइल उचलून तिच्यापुढे धरली. “हिला फोन करायचाय.” मग हात मध्येच थांबला. “मी करू?”

क्लिप आडवी होती. “नको,” ती म्हणाली. “करते.”

खुर्चीत बसल्यावर तिने आधी तो आरसा नखाने उचकटायचा प्रयत्न केला. निघाला नाही, त्या मुलीने चांगला चिकटवला होता. मग तिने त्याच्यावर तारखांचं कार्ड टेकवून ठेवलं आणि नंबर फिरवला. पलीकडे एक बाई, मागे कुकरची शिट्टी, कोणाला तरी “थांब रे” म्हणणारी. तिने दवाखान्याचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं. रिपोर्ट आला आहे. उद्या किंवा परवा या. सोबत घरचं कोणीतरी आणा.

“का हो?” पलीकडची बाई म्हणाली. “काही गंभीर आहे का?”

जिभेवर ते हळुवार, गोड ‘छे हो’ येऊन बसलं होतं. तेवीस वर्षांची सवय. घंटी वाजली की तोंडातून तेच येतं. तिने ते गिळलं.

“ते डॉक्टरच सांगतील,” ती म्हणाली. आवाज घोगरा आला, स्वतःलाही अनोळखी. “पण लवकर या. टाळू नका.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. नुसता एका बाईचा श्वास. अशा वेळी ती नेहमी ‘काळजी करू नका हं’ म्हणायची आणि हळूच फोन ठेवून द्यायची. रांगेतला गृहस्थ पुन्हा “अहो बाई” म्हणाला. तिने हाताने त्याला थांबायची खूण केली.

“मी आहे फोनवर,” ती म्हणाली, आणि रिसीव्हर कानाला लावून गप्प बसून राहिली.